घरबसल्या डेंटल हायजिनिस्ट?

(केळापूर तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र: मुलगी बारावी सायन्सला ६१ टक्क्यांनी पास झाली. दुपारी गावातल्या दातांच्या दवाखान्यात मदतीला जाते, तिथलं काम तिला आवडतं. मोबाइलवर ‘घरबसल्या डेंटल हायजीन डिप्लोमा, १८ महिने, फी ३८ हजार’ अशी जाहिरात आली. बाहेरगावी ठेवणं झेपणार नाही. हा कोर्स करू द्यावा का?)

नमस्कार भाऊ,

हे पैसे भरू नका. कापसाचे चार पैसे हातात आले की असल्या जाहिराती नेमक्या डोळ्यांसमोर येतात, म्हणून आधी हेच सांगतो.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्यात हायजिनिस्टची व्याख्या अशी दिली होती: दातांवरचं किटण काढणारी, दात स्वच्छ आणि गुळगुळीत करणारी, दातांची निगा कशी राखायची ते शिकवणारी व्यक्ती. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतून दोन वर्षांचा डिप्लोमा करून राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी करावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२० च्या नियमावलीनुसार दंतवैद्यक आणि पॅरामेडिकल शाखा दूरशिक्षणातून शिकवायला विद्यापीठांना परवानगीच नाही. तेव्हा घरबसल्या मिळालेल्या कागदावर तिची नोंदणी होणार नाही.

हा नियम मला जाचक वाटत नाही. स्केलर, म्हणजे किटण खरवडायचं हत्यार, हातात धरला की एक बोट रुग्णाच्या दातावर टेकवून ठेवावं लागतं, नाहीतर हात सटकतो आणि हिरडी फाटते. हिरडीखालचं किटण दिसत नाही, ते टोकाला लागलेल्या खरखरीतून ओळखायचं असतं. हा हात आधी नकली जबड्यावर बसतो आणि मग खऱ्या रुग्णावर, तोही शिक्षक शेजारी उभे असताना. व्हिडिओ शंभर वेळा पाहिला तरी बोटांना ते कळत नाही.

पण तुमची अडचण खरी आहे, आणि त्यावर उत्तरच नाही असंही नाही. डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ साली अमेरिकेत ब्रिजपोर्टला हायजिनिस्टची पहिली शाळा काढली. त्याच देशात आता काही कॉलेजं लांबच्या भागातल्या विद्यार्थ्यांना शरीररचना, जंतुशास्त्र, आहार असे विषय व्हिडिओवरून शिकवतात आणि प्रात्यक्षिक त्यांच्याच भागातल्या मान्य केंद्रात, शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घेतात. पुस्तकी भाग घरी आणि हाताचं काम जवळच्या केंद्रात, अशी सोय विदर्भात झालीच पाहिजे. यवतमाळ-चंद्रपूरच्या कितीतरी गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे मुलांचे दात डागाळतात. ते डाग घासून जात नाहीत, हे आईबापांना समजावून सांगायला गावचीच मुलगी हवी. मिश्री लावणाऱ्या आजीच्या तोंडातला पांढरा चट्टा वेळेवर ओळखून तिला डॉक्टरकडे धाडणारीही तीच.

आता करायचं काय? नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात आणि वर्ध्याजवळ सावंगीच्या दंत महाविद्यालयात फोन करा. हायजिनिस्ट डिप्लोमा यंदा आहे का, जागा किती, फी किती, हे स्वतः विचारा. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हे विषय लागतात, ते तिच्याकडे होते ना, गुणपत्रिकेत बघून घ्या. राहण्याचं म्हणाल तर समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची मुलींची वसतिगृहं नागपूरला आहेत. तुमच्या प्रवर्गात बसत असेल तर खोलीभाड्याची चिंता निम्मी कमी होईल.

एक गोष्ट लपवत नाही. आपल्याकडे बरेचसे डेंटिस्ट स्केलिंग स्वतःच करतात, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात फक्त हायजिनिस्टची जागा क्वचित निघते. नोकऱ्या जास्त करून दंत महाविद्यालयांत आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत. परदेशात मागणी आहे, पण इथल्या डिप्लोमावर थेट तिथे काम मिळत नाही. ‘परदेशात हमखास नोकरी’ असं कुणी म्हटलं तर तिथून उठा.

यंदा प्रवेश जमला नाही तर ती जाते त्याच दवाखान्यात तिला राहू द्या. खुर्चीजवळ डॉक्टरांना हवी ती हत्यारं देणं, ती ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणं, रुग्णांच्या नोंदी ठेवणं, हे काम सहायकाचं आहे. ते शिकलेलं पुढे डिप्लोमात कामी येईल. रुग्णाच्या तोंडात स्केलर मात्र तिने धरायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं तरी नाही.

नागपूरला जाल तेव्हा गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. तिलाही न्या आणि कॉलेजात प्रश्न तिलाच विचारू द्या.