डोंबिवली आधीपासून गाव होतं का लोकलमुळे झालं? आणि ठाणं एवढं जवळ असून रस्त्याने इतका वळसा का? आणि घर घ्यायचं तर ईस्टला घ्यावं का वेस्टला?

घराचं शेवटी सांगतो, पण तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते एकच आहे, खाडी. मी इथे पंचेचाळीस वर्षं राहतोय, म्हणजे जन्मल्यापासूनच, त्यामुळे जरा लांबण लागेल, घाईत असाल तर नंतर वाचा.

नकाशा उघडा. उल्हास नदी कल्याणला येईपर्यंत नदी असते, तिथून पुढे खाडी होते आणि डोंबिवलीच्या उत्तरेला आणि पश्चिमेला वळसा घालून ठाण्याकडे जाते. दक्षिणेला दिवा-मुंब्र्याच्या मागे पारसिकचा डोंगर आडवा. पूर्वेला लांबवर मलंगगडाची रांग. ह्या सगळ्याच्या मधे एक सपाट भातखाचरांचा तुकडा, ती आपली डोंबिवली. मोठागावच्या बंदरावर उभं राहिलं की समोर पलीकडचा काठ दिसतो, तो भिवंडी तालुका, आणि त्याच्या मागून मुंबई-नाशिक हायवे जातो. दिसायला हाकेच्या अंतरावर. पण मधे पाणी. त्यामुळे वर्षानुवर्षं गाडीवाल्याला दोनच रस्ते, एक तर उलटं कल्याणला जाऊन रेल्वेवरचा पत्रीपूल, खाडीवरचा दुर्गाडीचा पूल, मग कोन गाव असं करत हायवेला लागायचं, नाहीतर शिळफाट्याला जाऊन मुंब्रा बायपासने ठाण्यात उतरायचं. आणि हे दोन्ही ठिकाणचे ट्रॅफिक जाम ज्याने भोगलेत त्यालाच ठाऊक. 2018 ला ब्रिटिशांच्या काळातला जुना पत्रीपूल पाडला आणि नवीन चालू व्हायला 2021 उजाडलं, त्या मधल्या काळात कल्याणमार्गे जायचं म्हटलं की आमच्याकडे लोक सरळ रजा टाकायचे, अतिशयोक्ती नाही.

आता गावाचं. गाव होतंच, एक नाही अनेक. जुनी डोंबिवली, पाथर्ली, चोळे, ठाकुर्ली, आयरे, कोपर, मोठागाव, नांदिवली, सागाव, ही सगळी आगरी-कोळी वस्तीची गावं, भातशेती, मासेमारी, नंतर खाडीतली रेती. ह्या भागात मोठं नाव कल्याणचं. ते जुनं बंदर, 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं तेही बंदराच्या जोरावर आरमार उभं करता यावं म्हणूनच बरंचसं. डोंबिवली म्हणजे तेव्हा त्या बंदराजवळची ही लहान गावं, बाकी काही नाही. मग रेल्वे आली. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण 1 मे 1854 ला ती कल्याणपर्यंत गेली हे कोणी सांगत नाही, आणि ती आमच्या दारातून गेली. गंमत म्हणजे डोंबिवलीला स्टेशन मिळालं 1887 ला. म्हणजे 33 वर्षं गाडी भातशेतीतून नुसती धडधडत जायची, थांबायची नाही. थांबणार तरी कोणासाठी?

स्टेशन आलं तरी लगेच शहर झालं असं नाही बरं का. हळूहळू काही कुटुंबं येऊन राहिली, घरं बांधली, 1924 ला गणेश मंदिर उभं राहिलं, तेच फडके रोडच्या टोकाचं. त्याच सुमारास चोळे गावात रेल्वेने पॉवर हाऊस बांधलं कारण कल्याण-पुणे लाइन 1929 ला विजेवर गेली आणि घाटात गाड्या चढवायला वीज लागणार होती. जुनी माणसं अजून ठाकुर्लीच्या त्या भागाला पॉवर हाऊसच म्हणतात, ते बंद पडून जमाना झाला तरी.

खरी भरती आली ती स्वातंत्र्यानंतर आणि त्याचं कारण डोंबिवलीत नाही, मुंबईत आहे. 1947 च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. राहणाऱ्यांना बरंच झालं, पण मग नवीन चाळ भाड्याने देण्यासाठी कोण कशाला बांधेल? पागडीशिवाय खोली मिळेना आणि पागडी कारकुनाच्या ऐपतीबाहेर. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ माणसं, एका भावाचं लग्न झालं की दुसऱ्याने झोपायला गॅलरीत जायचं. ह्या लोकांना स्वतःची, संडास आत असलेली जागा हवी होती आणि ती पगारात बसेल अशी स्टेशनजवळ कुठे मिळत होती तर इथे. माझे बाबा गिरगावातून 1979 ला आले ते असेच. आजीने म्हणे तेव्हा रडून घर डोक्यावर घेतलं होतं की जंगलात कुठे नेतोस मला म्हणून. बँक, एलआयसी, मंत्रालय, पोस्ट, रेल्वे, कोर्ट असल्या ठिकाणचे नोकरदार एकमेकांच्या सांगण्यावरून येत गेले, ऑफिसातल्या एकाने बुकिंग केलं की मागून पाच जण. रामनगर, टिळकनगर ह्या भागांचं वळण अजून दिसतं ना, वाचनालय, शाळा, व्याख्यानमाला, गणेशोत्सव, ते तिथून आलंय. गिरगाव-दादरचं सांस्कृतिक बिऱ्हाडच इथे हललं असं मला वाटतं. लोक अभिमानाने 'सांस्कृतिक नगरी' वगैरे म्हणतात ते मला थोडं जास्त वाटतं, पण 1999 ला गुढीपाडव्याची स्वागतयात्रा इथून सुरू झाली आणि बघता बघता सगळीकडे निघायला लागली हे खरं आहे, आणि 2017 ला 90 वं साहित्य संमेलनही इथेच झालं.

ह्या कौतुकात एक गोष्ट कायम सुटते. ज्या जमिनीवर आमच्या बिल्डिंगा आहेत ती शेतं होती आणि शेतवाले अजून इथेच आहेत. तुम्ही नवीन येणार असाल तर हे ध्यानात ठेवा, इथली गावदेवीची जत्रा आणि हळदी समारंभ ही 'बाहेरून आलेली' गोष्ट नाही, बाहेरून आलो ते आम्ही.

1960 च्या दशकात पूर्वेला एमआयडीसी आली. त्यामुळे इथल्या इथे नोकऱ्या आल्या, आणि केमिकलचा वासही आला. 2014 ला हिरवा पाऊस पडला होता, 2020 ला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा सगळ्या चॅनलवर आम्ही झळकलो. 2016 आणि 2024 च्या मे महिन्यातले स्फोट मात्र हसण्यावारी न्यायचे नाहीत, माणसं गेली त्यात. निवासी भाग आणि कारखाने एकमेकांना इतके चिकटू द्यायला नको होते, हे मी नाही, इथला रिक्षावालाही सांगेल.

महापालिकेचं थोडक्यात, 1983 ला कल्याण-डोंबिवली एक झाली, पूर्वेकडची 27 गावं 2002 ला बाहेर काढली आणि 2015 ला परत आत घेतली. 2011 च्या जनगणनेत दोन्ही शहरं मिळून साधारण साडेबारा लाख लोक होते. पलावा ही मोठी टाउनशिप वगैरे तिकडचं जे आज दिसतं, ते तेव्हा जेमतेम सुरू होत होतं.

आता परत मूळ मुद्द्यावर. थेट रस्ता नव्हता म्हणून सगळा भार लोकलवर. सीएसएमटी इथून साधारण 48 किलोमीटर, फास्ट मिळाली तर सव्वा तासाच्या आसपास, मिळाली म्हणजे आत शिरता आलं तर. ज्या दिवशी गाडी बंद त्या दिवशी डोंबिवली बेट होतं, 26 जुलै 2005 ला बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत घरी आले. आणि हीच रेल्वे गावाचे दोन तुकडे पण करते. ईस्ट-वेस्ट करायला पूल मोजकेच, त्यातला कोपरचा पूल 2019 ला धोकादायक म्हणून बंद केला तो दोन वर्षं बंदच, तेव्हा वेस्टला राहणाऱ्या मावशीकडे आम्ही दिवाळीशिवाय गेलो नाही.

अलीकडे मोठागाव-माणकोली पूल झालाय, खाडीवरून थेट हायवेला. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबांना पुढच्या सीटवर बसवलं होतं. पुलाच्या मध्यावर म्हणाले, गाडी हळू घे जरा. मग एवढंच म्हणाले, "इतकंच होतं होय रे मधे!" अर्थात पूल झाला म्हणून सगळं सुटलं असं नका समजू, पुलापर्यंत पोचायचे डोंबिवलीतले रस्ते तेवढेच आहेत, चिंचोळे, आणि ऐरोली-काटई रस्ता, मेट्रो ह्यांची कामं चालू आहेत ती होतील तेव्हा होतील.

तुम्ही शेवटी विचारलंय ईस्ट घ्यावं का वेस्ट. ऑफिस ठाण्याला आणि स्वतःची गाडी असेल तर वेस्ट बघा, पुलाच्या बाजूला, फक्त खाडीकडच्या सखल भागात तळमजला घेऊ नका. लोकलनेच जाणार असाल तर ईस्ट-वेस्ट सोडा, स्टेशनपासून चालत किती मिनिटं ते बघा, कारण सकाळी रिक्षाची लाइन लोकलच्या गर्दीपेक्षा जास्त जीव खाते.