दोर नाही, मग पडल्यावर काय?

माझा १४ वर्षांचा मुलगा बोल्डरिंगच्या, म्हणजे कमी उंचीच्या भिंतीवर किंवा दगडावर चढण्याच्या खेळाच्या मागे लागला आहे. त्यात दोरच नसतो म्हणे. असा खेळ काऊन खेळायचा? – एक वडील, धरमपेठ

दोर नसतो, कारण उंची कमी असते. स्पर्धेतली भिंत साधारण साडेचार मीटरची, आणि खाली जाड गादी. खऱ्या दगडावर जाताना क्रॅश पॅड, म्हणजे पडण्यासाठीची गादी, पाठीवर वाहून न्यायचं. पण दोर असला की पडलेला माणूस लोंबकळतो, इथे तो दर वेळी खालीच येतो. म्हणून मुलाला पहिल्या दिवशी पडायला शिकवतात का, एवढं बघा. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे सैल, मग पाठीवर लोळण घ्यायची, हात छातीशी. सवयीनं हात मागे टेकवला की मनगट नाहीतर कोपर गेलंच समजा. उतरून येता येत असेल तर उडी नको. आणि गादीवर कुणी गप्पा मारत बसलं असेल, तर आधी त्याला उठवा!

आणखी एक. बोटांच्या टोकांवर लटकायचे व्यायाम या वयात नकोत, हाडं अजून वाढत असतात. बोट दुखलं तर चढाई बंद. बाम चोळून पुन्हा भिंतीवर नाही.

वय ४२, एकही पुल-अप येत नाही. जमेल का? – एक वाचक, प्रतापनगर

जमेल. ताई, जिना चढताना आपण कठड्याला लटकतो का? भार पायांवर असतो, तसंच इथे. नवखे लोक हातानं ओढत राहतात आणि अर्ध्या तासात त्यांची मूठही वळत नाही. हात सरळ, कंबर भिंतीजवळ, आणि होल्डवर (हात-पाय ठेवायच्या पकडीवर) तळपाय नाही, बुटाचं टोक ठेवायचं. इथल्या छोट्या वाटेला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात, आणि गणितासारखाच तो डोक्यानंही सोडवावा लागतो. आधुनिक बोल्डरिंगचे जनक मानले जाणारे अमेरिकेचे जॉन गिल पेशानं गणिताचेच प्राध्यापक होते. मल्लखांबवाल्या पोरींची पकड पाहून मला हेवा वाटतो, पण पाय कुठे ठेवायचा हे त्यांनाही नव्यानंच शिकावं लागतं. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस या. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, बोटांच्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) महिने लागतात.

मे महिन्यात हात घामेजतात. टाल्कम पावडर चालेल?

अजिबात नाही, तिनं हात उलट घसरतात. चढताना हाताला चॉक लावतात. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते घाम शोषतं. ४५ अंशांत तेही हात टेकतं. डिसेंबरातली सकाळ गाठा राजेहो.

व्ही-३ म्हणजे काय?

प्रॉब्लेमच्या अवघडपणाची पायरी. व्ही-० पासून साधारण व्ही-१७ पर्यंत, आकडा मोठा तितकं अवघड. पहिले काही महिने हे आकडे विसरा.

सेमिनरी हिल्स किंवा रामटेकला चढता येईल का? – एक विद्यार्थी

सेमिनरी हिल्सचा दगड बेसॉल्टचा. ऊनपावसानं झिजलेला बेसॉल्ट हातात निखळून येतो, शिवाय वनखात्याला विचारावं लागेल. रामटेकचा गड देवस्थान आहे, तिथे हा विचारच नको. दगडच हवा असेल तर पैसे साठवून हिवाळ्यात हंपीचा ग्रॅनाइट किंवा बदामीचा वालुकाश्म बघा. वालुकाश्म ओला असताना मात्र हात लावू नका, तो कमकुवत होतो आणि होल्ड तुटतात. पाऊस झाला तर दोन-तीन दिवस गाव हिंडा.