वाचक विचारतात : अनवट इंग्रजी शब्दांचा माग

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर नवलाचे इंग्रजी शब्द येतात, अर्थही सुंदर असतात. शब्द खरा की कुणी रचलेला, हे कसं ओळखावं? वहीत काय काय टिपावं?
– एक वाचिका, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : अर्थापाशी थांबू नका. कोशातल्या त्याच नोंदीत व्युत्पत्ती आणि पहिल्या वापराचं साल पाहा. खरी गंमत तिथेच आहे. ‘पेट्रिकोर’ घ्या : कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर दरवळणारा मृद्गंध. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हा शब्द मांडला. ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या अंगात रक्ताऐवजी वाहणारा द्रव. हाच ‘पेट्रा’ पेट्रोलियममध्येही आहे, म्हणजे खडकातलं तेल! इतकं उलगडलं की शब्द घोकावा लागत नाही.

शब्द अलीकडचा आहे म्हणून खोटा ठरत नाही. ‘सॉन्डर’, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचं आयुष्य आपल्याइतकंच गुंतागुंतीचं आहे ही जाणीव, हा शब्द २०१२ मध्ये एका लेखकाने घडवला. तो आवडला तर खुशाल वापरा, फक्त प्राचीन म्हणून पुढे पाठवू नका. व्युत्पत्तीच दिली नसेल तर मात्र सावध व्हा. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला, अर्थ ‘घनता’. मुळात कोशकारांकडची ती नोंदीची चिठ्ठी संक्षेपांसाठी होती : ‘डी ऑर डी’, म्हणजे मोठा किंवा छोटा ‘डी’ घनतेसाठी वापरतात. अक्षरं जोडून वाचली गेली आणि शब्द तयार झाला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या नजरेला तो पडला, कारण नोंदीत व्युत्पत्तीच नव्हती.

वहीत शब्दामागे चार ओळी पुरेत : उच्चार (जोर कुठे, तिथे खूण), व्युत्पत्ती, कोशातला शेरा (‘जुना’, ‘अप्रचलित’ असा) आणि वाचनात भेटलेलं पूर्ण वाक्य, पुस्तकाच्या पानासकट. नुसते शब्द आणि अर्थ लिहिलेली वही भरते, पण डोक्यात काही राहत नाही. समोरचं पान कोरं ठेवा. त्याच मुळाचे शब्द पुढे भेटत राहतात. शेरा विसरू नका. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब सांगणारा ‘अ‍ॅप्रिसिटी’ किती गोड शब्द! तो १६२३ च्या हेन्री कॉकरमच्या कोशात आहे, पण आजच्या कोशातला शेरा ‘अप्रचलित’. अर्जात लिहाल तर वाचणारा अडेल. ललित लेखात शोभेल.

खिशातल्या छोट्या कोशांत व्युत्पत्ती बहुधा नसते. मोठ्या कोशासाठी मांडवीची सेंट्रल लायब्ररी किंवा विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय गाठा.

प्रश्न : ‘नॉइसम’ म्हणजे गोंगाटाचा, असं नातीने निबंधात लिहिलं. बरोबर आहे का?
– एक आजोबा, रावपुरा, बडोदा

उत्तर : नाही. ‘नॉइसम’ म्हणजे किळसवाणा, विशेषतः दुर्गंधी. त्याचं नातं ‘नॉइज’शी नाही, ‘अ‍ॅनॉय’शी आहे. असाच फसवा शब्द ‘एनर्व्हेट’ : उत्साह आणणं असं वाटतं, अर्थ मात्र गळाठून टाकणं. लॅटिनमध्ये ‘नर्व्हस’ म्हणजे स्नायुबंध. तो काढून घेतला की माणूस ढिला पडणारच. ओळखीचा वाटणारा शब्द आधी कोशात पाहावा, अनोळखी तर आपण पाहतोच.

प्रश्न : आपल्याकडचे शब्द इंग्रजीत गेले आहेत का?
– एक विद्यार्थी, बडोदा

उत्तर : पुष्कळ. बडोद्याच्या नावात वड आहे आणि वडाचं इंग्रजी नाव ‘बॅनियन’ गुजराती ‘वाणियो’वरून, पोर्तुगीजांमार्फत आलं. इराणच्या बंदर अब्बासजवळ एका वडाखाली आपल्याकडच्या वाण्यांचं देवस्थान होतं. युरोपीय प्रवाशांनी त्या झाडालाच वाण्यांचं झाड म्हटलं. ‘मॉंगूस’ तर थेट मराठी मुंगूस. त्याचा ‘गूस’शी, म्हणजे हंसाशी संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘मॉंगूसेस’. ‘मॉंगीस’ लिहू नका.