आठवडा सोमवारपासून मोजा

प्रश्न : मी, माझे यजमान, १० वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे चौघं गुरुवारी लंडनला उतरतोय. सोमवारी दुपारच्या गाडीने पॅरिस आणि शनिवारी तिथूनच परतीचं विमान. नात्यातले एक जण म्हणतात, दोन्हीकडे आठवड्याचा पास काढा, स्वस्त पडतो. काढू का?

उत्तर : पॅरिसला काढा, लंडनला काढू नका.

लंडनमध्ये तिकीट न काढता कॉन्टॅक्टलेस बँक कार्डच टेकवून फिरता येतं. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. ती गाठली की त्या दिवशी पुढचे पैसे लागत नाहीत. आठवड्याचीही मर्यादा आहे, पण तो आठवडा सोमवार ते रविवार असाच धरतात. तुमचे दिवस दोन आठवड्यांत विभागले जातायत, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका; रोजची मर्यादा पुरेशी आहे. हीथ्रो विमानतळावरून पिकाडिली किंवा एलिझाबेथ लाइनच्या गाडीने या. हीथ्रो एक्स्प्रेस झटपट पोचवते, पण तिचं भाडं या मर्यादेत धरत नाहीत.

मोठ्या तिघांना तीन वेगळी कार्डं हवीत. एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही. सासूबाईंकडे तसं कार्ड नसेल तर त्यांना तिथलं ऑयस्टर कार्ड (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या, रोजची मर्यादा तीच. ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, आत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. आणि सकाळी कार्ड, संध्याकाळी मोबाइल असं करू नका. मोबाइलमधलं तेच कार्ड यंत्राला वेगळं वाटतं आणि मर्यादेचा हिशेब नव्याने सुरू होतो. मी प्रवासात एका कार्डाच्या पाठीवर लाल टिकली चिकटवते आणि टेकवायला तेवढंच बाहेर काढते. तुमच्या घरात टिकल्या असतीलच!

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये ‘इंटरनॅशनल’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ ही दोन्ही बटणं चालू आहेत ना, ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमामुळे नवीन कार्डावर ती आपण चालू करेपर्यंत बंदच असतात. हे गेटासमोर, मागे रांग खोळंबलेली असताना कळलेलं बरं नव्हे.

मुलगी अजून ११ची झालेली नाही, म्हणजे लंडनच्या बसमध्ये आणि तुमच्याबरोबर ट्यूबमध्ये ती फुकट. तिला तुमच्या पाठोपाठ गेटातून ढकलू नका, रुंद गेटापाशी कर्मचारी असतो, त्याला सांगा. पॅरिसमध्ये मात्र हीच मुलगी मोठी! तिथे अर्धं तिकीट दहावं वर्ष पूर्ण होईपर्यंतच. सासूबाईंचं म्हणाल तर लंडनची साठीपुढची मोफत सोय तिथल्या रहिवाशांनाच आहे. त्यांचं पूर्ण भाडं धरा.

आता पॅरिस. नाविगो या तिथल्या प्रवासाच्या कार्डावरचा आठवड्याचा पासही सोमवार ते रविवारच चालतो, मग घ्या कधीही. तुम्ही सोमवारी पोचताय, शनिवारी निघताय. याहून चांगला मुहूर्त नाही. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो, शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याचा विकतात. मेट्रो, बस, उपनगरी गाड्या सगळं त्यात येतं, शिवाय विमानतळही. विमानतळाचं एकेरी तिकीटच पासाच्या तिसऱ्या हिश्शाहून महाग आहे, त्यामुळे पास तिथेच बराचसा वसूल होतो. सुटी तिकिटं घेतलीत तर आणखी एक कटकट, मेट्रोचं तिकीट बसमध्ये चालत नाही.

पास प्रत्येकाचा वेगळा, मुलीचाही. त्यासाठी नाविगो देकुव्हर्त नावाचं कार्ड खिडकीवर मागा. नाविगो ईझी या दुसऱ्या कार्डावर आठवड्याचा पास भरता येत नाही. कार्डावर फोटो लागतो, २५ बाय ३० मिलिमीटर. आपला पासपोर्टचा फोटो त्याहून मोठा असतो, तेव्हा चौघांचे फोटो घरीच कापून न्या.