बाळाच्या वाटीतले मीठ

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी वेगळा स्वयंपाक मांडण्याची गरज नाही. घरचेच वरण शिजले की मीठ आणि फोडणी पडण्यापूर्वी त्यातले थोडे बाजूला काढून पळीने घोटावे. पहिल्या वर्षात दिवसाला १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरते, आणि तेवढे दुधातून व साध्या अन्नातून मिळते.

नेहमीची चूक म्हणजे आमटीत पाणी घालून ती बाळाला देणे. त्याने तिखटपणा उतरतो, घातलेले मीठ मात्र निघून जात नाही. आमच्या सांगलीकडच्या कांदा-लसूण मसाल्यातही मीठ असतेच, हे पहिल्या लेकराच्या वेळी मीही विसरले होते. बाटलीतल्या सॉसऐवजी टोमॅटो व लाल भोपळा वाफवून, गाळून, चिमूटभर जिरेपूड घालावी. सासूबाई ‘अळणी कसे खाईल?’ म्हणतील, अळणी आपल्या जिभेला लागते. वर्षापर्यंत मधही देऊ नये.