शेडमधल्या सब-बोर्डाचं अर्थिंग: नुसता रॉड पुरतो का?

तुम्ही विचारलंय की घरापासून सुट्या शेडमध्ये सब-बोर्ड (घरच्या मेन बोर्डावरून सप्लाय घेणारा छोटा बोर्ड) बसवलाय, बाहेर अर्थ रॉडही ठोकलाय, मग घरातून अर्थची वायर ओढायची गरज आहे का? आणि न्यूट्रल-अर्थ तिथेच एकत्र जोडले तर चालेल का?

वायर ओढाच. आणि न्यूट्रल-अर्थ शेडमध्ये अजिबात जोडू नका.

रॉडचा रोध २५ ओहम धरा. कोरड्या, खडकाळ जमिनीत तो याहून बराच जास्त भरतो. मशिनच्या बॉडीला फेज लागला तर २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ९ अँपिअर जातील. ३२ अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) तेवढ्यावर पडत नाही, बॉडीत करंट तसाच राहतो. घरच्या मेनला न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतील, तर वायरीतून परतणाऱ्या वाटेचा रोध अर्धा ओहम असला तरी ४६० अँपिअर वाहतात आणि एमसीबी तिथल्या तिथे पडतो. घरचं अर्थिंगही नुसत्या रॉडवरच असेल, तर मात्र वायर ओढूनही एवढा करंट मिळणार नाही. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळू लागला की पडणारा स्विच) हवाच. माझं विचाराल तर घरचं अर्थिंग कसंही असो, शेडमध्ये तो लावाच.

न्यूट्रलचं म्हणाल, तर एका वर्कशॉपात ड्रिल मशिनला हात लावला की झिणझिण्या येत. मी झाकण उघडलं, तर न्यूट्रल आणि अर्थ एकाच पितळी लिंकमध्ये (वायरी एकत्र जोडायच्या पट्टीत) कसलेले. घरून अर्थची वायर नव्हतीच, आणि येणाऱ्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला पडून इन्सुलेशन करपलं होतं. दिव्यांचा करंट परतायला रॉडची वाट धरत होता आणि सगळ्या मशिनच्या बॉडी त्याच लिंकला जोडलेल्या! हे बघून मला खरंच धडकी भरली. अर्थची वायर असती तरी हा जोड चुकीचाच: न्यूट्रलचा थोडा करंट कायम अर्थमधून वाहतो आणि घरचा आरसीसीबी विनाकारण पडत राहतो.

ठोकलेला रॉड काढू नका. वीज पडली तर तो उपयोगी पडतो. त्याची वायर सब-बोर्डातल्या अर्थच्या पट्टीलाच जोडा.

शेवटी मेन बंद करा, वायरीत करंट नाही हे टेस्टरने बघा, सब-बोर्डात येणारी न्यूट्रल सोडवा, सगळी उपकरणं काढा आणि न्यूट्रल लिंक ते अर्थ पट्टी मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) मोडवर लावा. बीप वाजली, तर आत कुठेतरी जोड राहिलाय. काही बोर्डांत लिंक थेट पत्र्यावर कसणारा एक स्क्रू असतो, आधी तो बघा.