वाचकांचे प्रश्न : ब्लॉग फुकटात की स्वतःच्या होस्टिंगवर?

प्रश्न : निवृत्तीनंतर परसबागेवर आठवड्याला एक लेख लिहायचा आहे. शेजारी म्हणतात ब्लॉगर फुकट आहे, मुलगा म्हणतो वर्डप्रेसच घ्या, आणि वर्डप्रेसही फुकट असल्याचं तिसऱ्याच कुणी सांगितलं. खरं काय? (वाचक, सातारा)

उत्तर : तिघंही बरोबर आहेत. वर्डप्रेस.ऑर्गवरून मिळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते चालवायला सर्व्हरवर भाड्याची जागा, म्हणजे होस्टिंग, घ्यावी लागते. वर्डप्रेस.कॉम ही वेगळी, तयार सेवा आहे. तिच्या फुकट योजनेत १ जीबी जागा मिळते, पत्त्यात त्यांचं नाव राहतं आणि तुमच्या लेखांवर त्यांच्या जाहिराती दिसतात. ब्लॉगर २००३पासून गूगलकडे आहे. ते स्वतःच्या जाहिराती लादत नाही आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता, जोडायचे पैसेही घेत नाही.

आठवड्याला एक लेख असेल, तर ब्लॉगर घ्या. पण डोमेन मात्र पहिल्याच दिवशी विकत घ्या. खर्च तेवढाच, साधारण हजाराच्या आसपास वर्षाला. कारण असं, की ब्लॉगरकडून फुकट मिळणारा 'ब्लॉगस्पॉट'चा पत्ता तुमच्या मालकीचा नसतो. चार वर्षांनी दुसरीकडे जायचं म्हटलं, तर त्या पत्त्यावरून वाचकाला आणि गूगल सर्चला कायमचं नव्या जागी वळवायची अधिकृत सोय नाही. डोमेन तुमचं असलं, की मागचं घर बदललं तरी पत्ता तोच राहतो.

जोडणी अशी करायची. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये कस्टम डोमेनच्या रकान्यात 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सकट नाव टाका. लगेच एरर येईल. घाबरू नका, ती यायलाच हवी. तिच्यातच दोन सीनेम रेकॉर्ड (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या नोंदी) दिलेले असतात. एक 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'साठी, जीएचएस.गूगल.कॉमकडे जाणारा, दुसरा फक्त तुमच्या ब्लॉगपुरता, लांबलचक अक्षरांचा. दोन्ही डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदींच्या पानावर, भरा. शिवाय मूळ ('डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' नसलेल्या) नावासाठी चार 'ए' रेकॉर्ड, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणाऱ्या नोंदी, लागतात : २१६.२३९.३२.२१, आणि तिसऱ्या आकड्यात ३४, ३६ व ३८ घालून उरलेले तीन. तासाभराने ब्लॉगरमध्ये पुन्हा सेव्ह करा, मग एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) चालू करा. तिचं प्रमाणपत्र यायला कधी कधी एक दिवस जातो.

अडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. विक्रेत्याने आधीच टाकलेला 'पार्किंग'चा (त्याच्या तात्पुरत्या पानाचा) ए रेकॉर्ड काढायचा राहतो, म्हणून साइट कधी उघडते, कधी विक्रेत्याची जाहिरात दिसते. किंवा नावाच्या रकान्यात नुसतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लिहायचं सोडून पूर्ण पत्ता लिहिला जातो आणि डोमेन दोनदा जोडलं जातं.

प्रश्न : लेखाचं शीर्षक मराठीत दिलं, की ब्लॉगरवर पत्ता 'ब्लॉग-पोस्ट_४५' असा काहीतरी येतो. वर्डप्रेसवर गेलो तर सुटेल का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सुटेल, पण दुसरं दुखणं लागेल. ब्लॉगर पत्त्यासाठी फक्त रोमन अक्षरं घेतो. देवनागरी शीर्षकातून काहीच हाती लागलं नाही, की तो नुसता क्रमांक देतो. वर्डप्रेस देवनागरी पत्ता बनवतो, पण आत साठवताना प्रत्येक अक्षराची नऊ चिन्हं होतात, आणि मर्यादा आहे २०० चिन्हांची. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरं बसतात. काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे चार-पाच शब्दांतच पत्ता मधूनच तुटतो. तो दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवला, की टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ दिसते आणि लोकांना ती फसवणूक वाटते.

दोन्हीकडे इलाज एकच : पत्ता हाताने, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा लिहा. ब्लॉगरमध्ये उजवीकडच्या 'परमालिंक'खाली (लेखाचा कायमचा पत्ता) कस्टम पर्याय निवडा, तोही प्रकाशित करण्याआधी. नंतर बदलायचा तर लेख आधी ड्राफ्टमध्ये न्यावा लागतो आणि जुना दुवा मरतो. निव्वळ एवढ्यासाठी होस्टिंग घेऊ नका.

प्रश्न : पाककृतींचा ब्लॉग आहे, प्रत्येक लेखात दहा-बारा फोटो. एका कंपनीने महिना १४९ रुपयांत 'अमर्याद' होस्टिंग देऊ केलंय. घेऊ? (वाचक, नाशिक)

उत्तर : आधी तीन आकडे लेखी विचारा. १४९ हा दर किती वर्षांचे पैसे एकदम भरल्यावर मिळतो? नूतनीकरणाचा दर किती? (तो पहिल्या दराच्या दुप्पट-तिप्पट असणं अगदी नेहमीचं.) आणि फाइलींची संख्यामर्यादा, म्हणजे आयनोड, किती? वर १८ टक्के जीएसटी धरा.

तिसरा आकडा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. जागा 'अमर्याद' असली, तरी फाइलींची संख्या क्वचितच अमर्याद असते. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या वेगवेगळ्या मापांच्या प्रती बनवतो : १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ पिक्सेल. फोटो २५६० पिक्सेलहून मोठा असला तर तेवढ्या मापाची आणखी एक प्रत, आणि मूळ फाइल राहतेच. मोबाइलवरून थेट चढवलेल्या एका फोटोच्या आठ फाइली झाल्या. दर लेखाला बारा फोटो, म्हणजे शंभराच्या आसपास फाइली. थीमने (साइटच्या रूपाच्या साच्याने) स्वतःची मापं जोडली तर आणखी. मर्यादा संपली की जागा रिकामी दिसत असूनही फोटो चढत नाही. म्हणून चढवण्याआधीच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा करा. लेखात त्याहून मोठा तसाही दिसत नाही, आणि वरच्या दोन-तीन प्रती बनतच नाहीत.

कामाचाही हिशोब करा. स्वतःचं होस्टिंग म्हणजे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) व थीमची अद्ययावतता दर आठवड्याला पाहणं आलं; घुसखोरी बहुधा जुन्या प्लगइनमधूनच होते. बॅकअपमध्ये डेटाबेस (यात लेख असतात) आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डर (यात फोटो असतात) दोन्ही हवेत. नुसत्या फाइली घेतल्या तर फोटो वाचतात, लेख जातात. आणि तो बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर सर्व्हरबरोबर तोही गेला.

तुम्हाला पाककृती घटकांनुसार शोधता याव्यात, छापण्यासाठी वेगळं पान हवं, अशा गरजा असतील तर वर्डप्रेस योग्यच. केवळ अॅडसेन्ससाठी (गूगलच्या जाहिरातींच्या उत्पन्नासाठी) घेत असाल, तर ते ब्लॉगरवरही चालतं.

प्रश्न : हुगो (साध्या मजकूर-फाइलींतून तयार पानं बनवणारं सॉफ्टवेअर) आणि गिटहब पेजेस (तशी साइट ठेवायची गिटहबची जागा) वापरलं तर? (वाचक, पुणे)

उत्तर : मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हाताला असतील तर उत्तम. साइटची मर्यादा १ जीबी, घुसखोरीला डेटाबेसच नाही. पण प्रतिक्रियांची सोय स्वतः करावी लागते, आणि मोबाइलवरून चटकन शुद्धलेखन सुधारणं जिकिरीचं.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाचा ब्लॉग ब्लॉगरवर, स्वतःच्या डोमेनवर आहे. तो वर्डप्रेसवर न्यायचा आहे. (वाचक, डॅलस)

उत्तर : आधी ब्लॉग कुणाच्या गूगल खात्यावर आहे ते पाहा. जुन्या सचिवांच्या असेल, तर त्यांच्याकडून मंडळाच्या ईमेलला निमंत्रण घ्या आणि 'अॅडमिन' हक्क मागा. डोमेन कुणाच्या कार्डवर नूतनीकरण होतं हेही आताच विचारा.

मग ब्लॉगरचा बॅकअप घ्या. त्यातल्या लेखांच्या फाइलीत लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटो येत नाहीत. त्यांचे गूगलवरचे पत्ते तेवढे असतात. आयात झाल्यावर फोटो दिसतात, म्हणून सगळं आलंय असं वाटतं. जुना ब्लॉग पुसल्यावर ते जाऊ शकतात. तेव्हा फोटो नव्या सर्व्हरवर उतरवून घेतल्याशिवाय जुन्याला हात लावू नका.

आयातीपूर्वी वर्डप्रेसचा टाइमझोन ब्लॉगरशी जुळवा आणि परमालिंकची रचना वर्ष/महिना/नाव आणि शेवटी '.एचटीएमएल' अशी ठेवा. टाइमझोन चुकला तर १ तारखेला पहाटे टाकलेला लेख मागच्या महिन्यात जातो आणि त्याचा जुना दुवा तुटतो. जुने दहा-बारा दुवे उघडून पाहा, त्यांत १ तारखेचे जरूर घ्या.

पुढे कधी होस्टिंगची कंपनी बदललीत आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर डेटाबेस निर्यात किंवा आयात करताना अक्षरसंच 'लॅटिन१' (यात देवनागरी मावत नाही) राहिलेला असतो. प्रश्नचिन्हांतून मजकूर परत काढता येत नाही. ती बिघडलेली प्रत टाकून द्या आणि जुन्या सर्व्हरवरून अक्षरसंच 'यूटीएफ८एमबी४' (यात देवनागरी मावते) ठेवून निर्यात पुन्हा करा. म्हणूनच जुनं होस्टिंग नवं चालू झाल्यावर किमान महिनाभर राहू द्या.